कंपनी येणार म्हणतात. आपल्या घरात काय येणार?



दसरा-दिवाळी झाली की पाथरी तालुक्यातल्या वस्त्यांमधून दोन वाटा फुटतात. एका वाटेने भांडीकुंडी, अंथरूण आणि लहान लेकरे घेऊन बिऱ्हाडे ट्रकमध्ये चढतात आणि ऊसतोडीला जातात. दुसऱ्या वाटेने बारावी झालेली, आयटीआय केलेली पोरे पाठीवर बॅग अडकवून छत्रपती संभाजीनगरच्या नाही तर पुण्याच्या गाडीत बसतात. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि वेचणीला आलेला कापूस.

अशाच एका घरात टीव्हीवर बातमी चालू होती. अमुक देशाची कंपनी महाराष्ट्रात येणार, एवढे हजार कोटी गुंतवणार, एवढे हजार रोजगार मिळणार. घरातली माउली सूप पाखडता पाखडता म्हणाली, "रोजच सांगतेत, बाहेरदेशाची कंपनी येणार म्हणून. येऊ द्या की. पण माझ्या लेकराला फाटकाच्या आत घेतील का, तेवढं सांगा."

तिचा प्रश्न साधा आहे, पण अर्थशास्त्राच्या जाड पुस्तकातही याहून महत्त्वाचा प्रश्न सापडणार नाही. आज त्याच प्रश्नाचा विचार करू. परदेशी कंपनी म्हटले की आपल्यातले काही भाऊ एकदम हुरळून जातात, काही एकदम मुठी आवळतात. या दोन्हींनी पोट भरत नाही. कंपनी का येते, कुठे येते, कधी निघून जाते आणि ती असेपर्यंत तिच्याकडून आपण काय मागू शकतो, हे समजून घेतले पाहिजे.

कागद आणि कारखाना

आधी बातमीतला एक शब्द समजून घेऊ. "सामंजस्य करार झाला" असे आपण ऐकतो. सामंजस्य करार म्हणजे सोयरीक जुळवण्याची बोलणी. त्याला अजून साखरपुडा म्हणता येत नाही, मग लग्न तर दूरच. फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईत "मॅग्नेटिक महाराष्ट्र" परिषद झाली. त्यात चार हजारांवर करार आणि सुमारे १२ लाख १० हजार कोटी रुपयांची गुंतवणूक जाहीर झाली. जानेवारी २०२५ मध्ये स्वित्झर्लंडच्या दावोस गावात महाराष्ट्राने साडेपंधरा लाख कोटींच्याही वर करार केले. हे आकडे इच्छेचे आहेत. त्यातून जमीन किती घेतली गेली, पाया किती खणला गेला आणि हजेरीपटावर किती नावे चढली, हा हिशेब निराळा असतो.

तैवानच्या फॉक्सकॉन कंपनीचे उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१५ मध्ये तिने महाराष्ट्रात पाच अब्ज डॉलर गुंतवण्याचा करार केला. फार गाजावाजा झाला. जानेवारी २०२० मध्ये त्या वेळच्या उद्योगमंत्र्यांनी तो प्रकल्प होणार नसल्याचे सांगितले. पुढे वेदांत आणि फॉक्सकॉन यांचा संयुक्त प्रकल्प महाराष्ट्रात येणार असे वातावरण होते. सप्टेंबर २०२२ मध्ये तो गुजरातला गेला. त्यावरून आपल्याकडे मोठे राजकारण झाले. आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या जोडीतूनच बाहेर पडली. ज्या ताटावरून भांडण झाले, ते ताट वाढलेच गेले नाही! म्हणून बातमी ऐकली की पेढे वाटू नयेत आणि कपाळही बडवू नये.

कंपनी काय पाहते?

कंपनी गावावर प्रेम करून येत नाही. तिला निर्वेध जमीन लागते, बारमाही पाणी लागते, न जाणारी वीज लागते, बंदरापर्यंत पोचणारा रस्ता लागतो. सुटे भाग करून देणारे लहान कारखाने जवळपास लागतात, शिकलेले हात लागतात. तिच्या अधिकाऱ्यांना मुलांसाठी शाळा, घरच्यांसाठी दवाखाना आणि जवळ विमानतळ लागतो. यातले एक नसेल तर ती सवलत मागते, तीन नसतील तर ती येतच नाही.

आपल्या मराठवाड्यात याचा धडा संभाजीनगरने, म्हणजे त्या वेळच्या औरंगाबादने, घालून दिला आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, ज्याला आपण एमआयडीसी म्हणतो, ते १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झाले. मागास भागात कारखाने जावेत म्हणून सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ साली आली. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत झाली, मग वाळूजची. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. बजाज ही देशी कंपनी. पण तिच्यामागे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांची रांग उभी राहिली. लेथ चालवणारे, डाय बनवणारे, रंगकाम करणारे हजारो हात तयार झाले. त्या हातांच्या भरवशावर मग परदेशी कंपन्या आल्या. झेक प्रजासत्ताकाच्या स्कोडा कंपनीने २००१ साली शेंद्र्याला मोटारी जोडायला सुरुवात केली. वाळूजला गुडइयर टायर तयार करते.

पुढे दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यात शेंद्रा-बिडकीन येथे सुमारे दहा हजार एकरांवर "ऑरिक" ही औद्योगिक नगरी उभारण्यात आली. दक्षिण कोरियाच्या ह्योसंग कंपनीने तिथे स्पॅन्डेक्स, म्हणजे कपड्याला ताण देणारा धागा, तयार करायला घेतला. ३१ जुलै २०२४ रोजी जपानच्या टोयोटाने किर्लोस्करांबरोबरच्या आपल्या कंपनीमार्फत त्याच भागात सुमारे वीस हजार कोटींचा कारखाना काढण्याचा करार केला.

यातला क्रम लक्षात ठेवा. आधी एमआयडीसी, मग देशी कारखाना, मग कारागीर आणि पुरवठादार, आणि सर्वांत शेवटी परदेशी कंपनी. हा क्रम व्हायला चाळीस वर्षे लागली. परभणी जिल्ह्यात ही रांग लागलीच नाही. पाथरीला तालुका असूनही गावात रेल्वे नाही. मानवत रोडला जावे लागते. जायकवाडीचा डावा कालवा आला, गोदावरीवर बंधारे झाले. पण ते पाणी कापसाला, सोयाबीनला, उसाला गेले. माल शेतातून निघाला आणि तसाच बाहेर गेला. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. जालना-नांदेड द्रुतगती मार्गाची आखणी परभणी जिल्ह्यातून आहे. रस्ता येतो आहे ही चांगली गोष्ट आहे. पण रस्त्याला दोन तोंडे असतात. त्यावरून कारखाना आत येऊ शकतो, तसा तरुण बाहेरही जाऊ शकतो. कोण कुठल्या दिशेला जाईल ते आपल्या तयारीवर ठरेल.

परदेशी कंपनी आपल्या शेतात कधीच आली

"आमच्या पाथरीला कोण परदेशी येतंय?" असे म्हणणाऱ्यांनी जरा बियाण्याच्या पाकिटाकडे पाहावे. जालन्याला बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाणे कंपनी काढली. अमेरिकेच्या मोन्सॅन्टो कंपनीने १९९८ साली महिकोत २६ टक्के हिस्सा घेतला. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला सरकारची परवानगी मिळाली. काही वर्षांतच आपल्या भागातल्या जवळजवळ प्रत्येक कापसाच्या शेतात ते बियाणे पोचले. पाथरीत कारखाना नाही, पाटी नाही, साहेब नाही. तरी परदेशी कंपनी प्रत्येक सरीत होती.

त्याचा हिशेब काय? सुरुवातीला ४५० ग्रॅमच्या पाकिटाला सुमारे १६०० रुपये पडत. त्यातला मोठा वाटा तंत्रज्ञानाच्या मोबदल्याचा होता. बोंडअळी आटोक्यात आली, फवारण्या कमी झाल्या, पीक वाढले, हे खरे. पण किंमत खाली कोणी आणली? कंपनीने दया केली नाही. आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारी आयोगापुढे गेले आणि २००६ साली पाकीट साडेसातशेवर आले. महाराष्ट्रानेही २००९ साली कापूस बियाण्यांच्या किमतीवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला. पुढे गुलाबी बोंडअळी या बियाण्याला सरावली आणि २०१७ साली महाराष्ट्रातल्या कापसाची दाणादाण उडाली. २०१८ साली जर्मनीच्या बायर कंपनीने मोन्सॅन्टोच विकत घेतली. मालक बदलला, देश बदलला. नांगर मात्र शेतकऱ्याच्याच हातात राहिला आणि वेचणी आपल्या बायांच्याच.

तात्पर्य असे की, परदेशी कंपनी चांगली की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. तिच्यासमोर बसून भाव करणारा कोणी खंबीर आहे का, हा खरा प्रश्न. एकटा शेतकरी भाव करू शकला नाही. सरकार बसले तेव्हा भाव उतरला.

आलेली कंपनी जातेही

दाभोळच्या एन्रॉनची आठवण जुन्या वाचकांना असेल. १९९२ साली बोलणी, १९९३ साली वीजखरेदीचा करार. १९९५ साली नव्या सरकारने तो रद्द केला आणि १९९६ साली पुन्हा मान्य केला. १९९९ साली वीज सुरू झाली आणि २००१ साली बंद पडली. वीज मंडळाला तिचा दर पेलला नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉन कंपनीचेच दिवाळे वाजले. करार गुपचूप झाला, जनतेला वाचायला मिळाला नाही, आणि जनतेच्याच पैशाने तो निस्तरावा लागला.

दुसरे उदाहरण तळेगावचे. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने २००८ साली तिथे मोटारींचा कारखाना काढला. २०१७ साली तिने भारतात गाड्या विकणे बंद केले आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादन थांबवले. हजाराहून अधिक कामगारांच्या घरातली चूल अडचणीत आली. ते वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिले. तो कारखाना पुढे कोरियाच्या ह्युंदाईने घेतला आणि २०२५ साली तिथे पुन्हा गाड्या बनू लागल्या. यंत्रांना नवा मालक मिळाला. पण ज्यांची उमेदीची बारा वर्षे त्या यंत्रांपाशी गेली, त्या माणसांचे काय, हे कोणत्याच करारात लिहिलेले नव्हते.

बाबासाहेबांनी १९१८ सालीच सांगितले होते

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, नको ती कंपनी, आपली शेतीच बरी. पण कोणाची शेती? आपल्यापैकी बहुतेकांच्या नावावर सातबारा नाही, आणि असला तरी दोन-अडीच एकरांचा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान धारणक्षेत्रांवर एक निबंध लिहिला. शेतीचे तुकडे लहान आहेत म्हणून ते जोडून मोठे करा, असे त्या काळचे पंडित सांगत होते. बाबासाहेबांनी रोगाचे मूळ दाखवले. जमिनीवर पोट भरणारी माणसे गरजेपेक्षा जास्त झाली आहेत. त्यांना दुसरे काम नाही म्हणून ती शेतीला चिकटून आहेत. यावर उपाय उद्योगीकरण. माणसे कारखान्यात गेली, भांडवल वाढले, की शेतीही सुधारेल. शंभर वर्षांपूर्वीचे हे निदान आजही पाथरीच्या मोंढ्यात उभे राहून तपासून पाहता येते.

परंतु बाबासाहेब उद्योगाचे नुसते भाट नव्हते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना त्यांनी कामाचे तास कमी करण्याचा, सेवायोजन कार्यालयांचा आणि कामगार, मालक व सरकार यांनी एकत्र बसून ठरवण्याचा आग्रह धरला. म्हणजे कारखाना हवा आणि कारखान्यात कायदाही हवा. या दोन्ही गोष्टी त्यांनी कधी वेगळ्या केल्या नाहीत. आपणही करू नयेत.

आपला वाटा कुठे आहे?

आता मुद्द्याला येऊ. १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय निघाले. त्यातून शिकलेली पिढी शाळेत, बँकेत, रेल्वेत, वीज मंडळात नोकरीला लागली. राखीव जागांनी ते दार उघडले होते. १९९१ नंतर सरकारी नोकऱ्या आक्रसल्या आणि खासगी वाढल्या. खासगी कंपनीच्या फाटकावर राखीव जागेची पाटी नाही. म्हणून आपली माणसे समजतात की तिथे आपला काही हक्कच नाही. ही समजूत पूर्ण खरी नाही. चार गोष्टी माहीत करून घ्या.

पहिली गोष्ट, शिकाऊ उमेदवारांची. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात कलम ३ अ आहे. त्यानुसार शिकाऊ उमेदवारांच्या जागांमध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. हा कायदा खासगी कारखान्यालाही लागू आहे, मग मालक पुण्याचा असो की जपानचा. तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेतले पाहिजेत, असा नियम आहे. आयटीआय झालेल्या आपल्या किती मुलांना हे कोणी सांगितले आहे?

दुसरी गोष्ट, सवलतींची. महाराष्ट्राचा आरक्षण अधिनियम २००१ सालचा आहे आणि तो २००४ पासून अमलात आहे. त्यात सरकारी साहाय्य मिळणाऱ्या संस्थांची व्याख्या करताना, सवलतीच्या दराने सरकारी जमीन किंवा इतर आर्थिक सवलत घेतलेल्या उद्योगांचाही उल्लेख केलेला आहे. कंपन्यांना स्वस्तात जमीन, मुद्रांक शुल्कात माफी, वीज शुल्कात माफी, कराचा परतावा असे बरेच मिळते. ते पैसे जनतेचे, म्हणजे आपलेही आहेत. मग व्याख्येतला तो शब्द कागदावरच का राहिला? आपल्या आमदारांना, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, हे विचारले पाहिजे.

तिसरी गोष्ट, "स्थानिक" या शब्दाची. सरकारी प्रोत्साहन घेणाऱ्या उद्योगाने ८० टक्के स्थानिकांना काम द्यावे असे राज्याचे धोरण आहे. ऐकायला बरे वाटते. पण इथे स्थानिक म्हणजे पंधरा वर्षे महाराष्ट्रात राहणारा. पाथरीचा किंवा परभणीचा असा त्याचा अर्थ नाही. कागदोपत्री नाशिकचा मुलगाही पाथरीत स्थानिकच. तेव्हा करार होतानाच तालुक्याचा वेगळा वाटा मागावा लागेल. नंतर ओरडून उपयोग नाही.

चौथी गोष्ट, जमिनीची. कंपनीसाठी जागा शोधताना सरकारची नजर सर्वांत आधी गायरानावर जाते. सौर प्रकल्पांसाठीही तेच झाले आहे. गायरान म्हणजे सरकारला मोकळे रान दिसते. पण मराठवाड्यात त्याच रानात भूमिहीनांच्या दोन पिढ्यांचा घाम मुरला आहे. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला आणि माणसांनी तुरुंग भरले. १९९१ सालच्या सरकारी निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करायची होती. ज्यांचे पट्टे अजून नावावर झालेले नाहीत त्यांनी दंडाच्या पावत्या, पंचनामे, पीकपाहणीचे जुने उतारे जपून ठेवावेत. आणखी एक. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात "बाधित कुटुंब" म्हणजे फक्त जमीनमालक नव्हे. त्या जमिनीवर तीन वर्षे मजुरी करून जगणारे कुटुंबही त्यात येते. परंतु एमआयडीसी जमीन घेते ती स्वतःच्या १९६१ च्या कायद्याखाली. म्हणून संपादनाची नोटीस लागताच पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की मालकाला एकरी मोबदला मिळेल, पण त्या शेतात खुरपणाऱ्या बाईचे नाव यादीत कुठे आहे?

पाथरीने काय मागावे?

प्रत्येक तालुक्याने मोटारीचा कारखाना मागणे म्हणजे प्रत्येक घराने हत्ती मागण्यासारखे आहे. आपल्याकडे काय आहे ते पाहू. कापूस आहे. शंभर किलो कापसातून साधारण तेहतीस ते पस्तीस किलो रुई निघते, बाकी सरकी. मानवतच्या, परभणीच्या जिनिंगमध्ये गाठी बांधल्या जातात आणि त्या बाहेर जातात. पुढे सूत, विणकाम, रंग, शिलाई, अशी प्रत्येक पायरीवर किंमत वाढते. आणि सर्वांत जास्त हातांना काम मिळते ते शेवटच्या पायरीवर, शिलाईला.

आपली पोरे जी ताणणारी जीन्स घालतात तिच्यात बहुतेक भाग कापूस असतो आणि शेकडा एक-दोन भाग स्पॅन्डेक्स. कापूस आपल्या रानात होतो, स्पॅन्डेक्स शेंद्र्याला होतो. दोन्ही मराठवाड्याचे. पण पॅन्ट शिवली जाते दुसरीकडे आणि आपण ती पाथरीच्या बाजारात दुप्पट-तिप्पट पैसे मोजून विकत घेतो. सूतगिरणी आणि शिलाईचे कारखाने इथे आणा, त्यात परदेशी खरेदीदार आला तर त्याचे स्वागत करू, अशी मागणी समजण्यासारखी आहे. हातात माल असताना केलेली ती मागणी आहे, त्यात याचना नाही.

मलेशियातल्या पेनांग बेटाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिथे १९७२ साली मुक्त व्यापार क्षेत्र झाले आणि अमेरिकेच्या इंटेल कंपनीने चिप जोडण्याचा कारखाना काढला. ती आली होती स्वस्त मजुरीसाठी. पेनांगचे लोक तेवढ्यावर थांबले नाहीत. १९८९ साली सरकार आणि कंपन्या यांनी मिळून तिथे कौशल्य विकास केंद्र काढले. कंपन्यांना लागणारे शिक्षण त्याच कंपन्यांच्या यंत्रांवर दिले. स्थानिक कारखानदार सुटे भाग करू लागले. मजुरी वाढली, तरी कंपन्या गेल्या नाहीत, उलट वाढल्या. स्वस्त हात दुसरीकडे मिळतात, शिकलेले हात सहजासहजी मिळत नाहीत.

आपल्याकडेही कंपनीला सवलत देतानाच अट घालता येईल की, तालुक्याच्या आयटीआयला यंत्रे द्या, शिकवणारा माणूस द्या, दरवर्षी अमुक इतके शिकाऊ उमेदवार घ्या. आणि आपल्यातल्या होतकरू भावांनी नोकरीच मागावी असेही नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी राज्यात डॉ. बाबासाहेबांच्या नावाने विशेष सामूहिक प्रोत्साहन योजना आहे, एमआयडीसीत भूखंडांचे आरक्षण आहे. मोठ्या कारखान्याला डबे, खोकी, जेवण, वाहने, सुटे भाग असे शंभर प्रकार लागतात. पण एक सावधगिरी हवी. भूखंड आपल्या माणसाच्या नावावर आणि धंदा दुसऱ्याचा, असले प्रकार ऐकू येतात. चार पैशांसाठी सही देणारा भाऊ आपल्याच पुढच्या पिढीचे दार बंद करतो.

घरात बसून करायची कामे

मोठ्या गोष्टी झाल्या, आता घरातल्या. या गोष्टींना मंत्री लागत नाही.

मुलाचे आणि मुलीचे जातीचे प्रमाणपत्र, अधिवास प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, यातल्या नावांचे स्पेलिंग एकसारखे आहे का ते आजच पाहा. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही केंद्राच्या सवलती मिळतात. त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढून ठेवा. जाहिरात निघाल्यावर तहसीलकडे पळणाऱ्यांची गाडी नेहमी चुकते.

आयटीआयचा ट्रेड निवडताना शेजारच्याने घेतला म्हणून घेऊ नका. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन यांना काम आहे. शिवाय यंत्राची देखभाल, संगणकावर चालणारे लेथ, शिवणयंत्र दुरुस्ती यांकडेही पाहा. इंग्रजीची भीती धरू नका. यंत्रावरच्या पाटीपुरते इंग्रजी सहा महिन्यांत येते.

कामाला लागलेल्या मुलाला घरच्यांनी तीन कागद विचारावेत. नेमणूकपत्र, पगाराची चिठ्ठी आणि भविष्य निर्वाह निधीचा नंबर. "कंपनीत लागला" असे गावभर सांगितले जाते, आणि पोरगा प्रत्यक्षात ठेकेदाराकडे रोजावर असतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता अमलात आल्या आहेत. त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले आहे. त्या संहितांवर कामगार संघटनांचे आक्षेपही आहेत. परंतु जे हातात आहे ते तर घेतलेच पाहिजे.

आणि मुलींचे काय? तामिळनाडूत मोबाइल जोडण्याच्या कारखान्यांत मोठ्या संख्येने तरुण मुली काम करतात. डिसेंबर २०२१ मध्ये श्रीपेरुंबुदूरच्या फॉक्सकॉन कारखान्यातल्या मुलींना वसतिगृहातल्या जेवणातून विषबाधा झाली. हजारो मुली महामार्गावर बसल्या. कारखाना काही दिवस बंद राहिला आणि वसतिगृहांच्या व्यवस्थेची चौकशी करावी लागली. यातून "मुलगी बाहेर पाठवू नये" असा धडा कोणी काढू नये. धडा असा आहे की, कंपनी मागताना मुलींचे वसतिगृह, पाळणाघर, रात्रीच्या पाळीची गाडी हेही त्याच कागदावर मागावे. ऊसतोडीच्या फडात पाचटाच्या खोपीत राहणाऱ्या लेकीपेक्षा, स्वतःच्या नावाच्या बँक खात्यात पगार घेणारी लेक घराचे भाग्य लवकर बदलते. आणि तिचा पगार तिच्याच खात्यात राहील, एवढे तरी घरातल्या पुरुषांनी पाळावे.

माउलीला उत्तर

"माझ्या लेकराला फाटकाच्या आत घेतील का?" असे त्या माउलीने विचारले होते. प्रामाणिक उत्तर असे आहे की, आपण होऊन कोणी घेणार नाही. कंपनी नफ्यासाठी येते, सरकार आकड्यासाठी आणते, पुढारी फोटोसाठी उभा राहतो. यात लेकराचा विचार करणारे फक्त आपणच आहोत. मात्र कायदा त्याच्या बाजूने थोडा उभा आहे, हुन्नर हातात असेल तर बाजारही उभा राहतो. आणि वस्तीतली दहा घरे एकत्र येऊन विचारायला लागली तर तहसीलदारालाही फाइल काढावी लागते.

म्हणून या पौर्णिमेला विहारात वंदना झाली की अर्धा तास जास्त बसा. वस्तीतल्या दहावी, बारावी, आयटीआय झालेल्या मुला-मुलींची एक यादी करा. नाव, शिक्षण, ट्रेड, कोणता दाखला आहे, कोणता नाही, एवढेच लिहा. त्या यादीची एक प्रत आयटीआयच्या प्राचार्यांना द्या, एक जिल्ह्याच्या रोजगार मार्गदर्शन केंद्राला आणि एक आमदारांना. कंपनी यायची तेव्हा येईल. ती आली त्या दिवशी पाथरीची यादी तयार असली पाहिजे.